दोन आटे जास्त

बॉनेट उघडं होतं आणि आत सगळं लखलखत होतं. जॅग्वार मार्क २, ३.८ लिटरची. दोन्ही कॅमशाफ्टवरची ॲल्युमिनियमची झाकणं इतकी घासूनपुसून ठेवलेली की वाकून बघणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसावा. दोन एसयू कार्बोरेटर, पितळी टोप्या, नवी कोरी वायरिंग, एकेक वायर दोऱ्यासारखी सरळ. आणि या सगळ्याच्या मधून, इनलेट मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरकडून इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या ओतीव भागाच्या) कडेकडेनं, एक लांबलचक काळी रबरी नळी हीटरकडून वॉटर पंपाकडं चाललेली. मध्यावर ती खाली लोंबत होती, म्हणून कुणीतरी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं शेजारच्या पाईपाला आवळून टाकली होती. एवढं खपून गेलंही असतं. पण मॅनिफोल्डच्या खालच्या रांगेत दोन स्टड (इंजिनात रोवलेले आट्यांचे दांडे) असे होते की त्यांचे आटे नटाच्या बाहेर शेजारच्या स्टडपेक्षा जास्त आले होते. मोजून दोन आटे जास्त. बाकी सगळे एका उंचीचे, हे दोनच पुढं डोकावणारे. त्या दोन नटांखाली कधीकाळी पत्र्याची एकेक क्लिप होती. क्लिपेच्या जाडीची जागा रिकामी झाली, नट तेवढे आत गेले आणि आटे बाहेर आले. एवढी देखणी गाडी समोर असताना नजर पुन्हा पुन्हा त्या दोन आट्यांवरच जात राहते.

या इंजिनात हीटरच्या पाण्याचा रस्ता असा असतो. इनलेट मॅनिफोल्डच्या पोटातून पाणी वाहतं. त्याच्या मागच्या टोकातून गरम पाणी निघतं आणि फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्यावरच्या, हीटरकडं जातं. हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरून, उष्णता देऊन परत येताना ते मॅनिफोल्डच्या खालून जाणाऱ्या लोखंडी नळीतून वॉटर पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला पोचतं. आपल्याकडच्या गॅरेजात या पंपाला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. रबर फक्त दोन टोकांना, वीतभर इकडं आणि वीतभर तिकडं. मधला सगळा लांबचा पल्ला लोखंडी नळीचा, आणि ती नळी मॅनिफोल्डच्याच स्टडना क्लिपांनी धरलेली. कार्बोरेटरखालची ती जागा अरुंद, अंधारी आणि तेलकट. तिथं हात घालायला मेकॅनिकला नको वाटतं. म्हणूनच आखणाऱ्यानं तिथं रबर ठेवलं नाही. जिथं नजर पोचत नाही तिथं पुन्हा पुन्हा बदलावी लागणारी वस्तू ठेवायची नाही, असा हा विचार आहे आणि तो त्या दोन क्लिपांवर उभा आहे.

ती नळी आता तिथं नव्हती.

जुन्या भारी गाड्यांबद्दल बोलताना लाकडी डॅशबोर्ड, कातडी सीटा, घोड्यांची ताकद या गोष्टी निघतात. हीटरच्या नळीबद्दल कुणी बोलत नाही. पण बॉनेटखालच्या सगळ्या वस्तूंत सर्वांत अवघड जागी राहणारी वस्तू तीच असेल. तिचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं बॉडीला असतं, आणि ही दोन्ही एकमेकांशी कधीच स्थिर नसतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं. गाडी जितकी आरामदायी तितकी ती माउंटिंग मऊ, आणि जितकी मऊ तितकं इंजिन जास्त डोलतं. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, ऑटोमॅटिक गिअर ‘ड्राइव्ह’मध्ये टाकून ॲक्सिलरेटर थोडा दाबला की मोठं व्ही-८ एका अंगावर बोटभर सहज उचलतं. फायरवॉल मात्र जागची हलत नाही. मधल्या नळीनं हे ओढणं दिवसातून शेकडो वेळा सोसायचं, तेही आत ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी दाबाखाली असताना. नळी ताणून सरळ बसवली तर प्रत्येक झटका थेट हीटरच्या पितळी तोंडावर जातो. ते तोंड डाग देऊन, म्हणजे सोल्डरनं, जोडलेलं असतं. काही महिन्यांत डागाला केसासारखी चीर पडते आणि डाव्या पायाखालचा गालिचा ओला व्हायला लागतो.

म्हणून ब्रॅकेट कुठं द्यायचं याला एक शिस्त आहे. इंजिनावरची नळी इंजिनालाच धरायची आणि बॉडीवरची बॉडीलाच. या दोन आधारांच्या मध्ये नळीला मोकळा झोल ठेवायचा. झोल म्हणजे लोंबणं नव्हे, एक सावकाश वळण, जे इंजिन डोललं की थोडं उघडेल आणि पुन्हा मिटेल. साध्या सरळ हीटर-होजला तिच्या बाहेरच्या व्यासाच्या चौपट-पाचपट त्रिज्येपेक्षा आवळ वळण दिलं तर ती चपटते. बाहेरची जाडी २४ मिलिमीटर धरली तर वळणाची त्रिज्या १०० ते १२० मिलिमीटर. त्याहून कमी जागा असेल तर साच्यात घडवलेली वाकडी नळी घ्यावी किंवा मध्ये धातूचा कोपरा घालावा. नळीच्या आत स्प्रिंग सारून वेळ मारून नेतात, पण ती स्प्रिंग गंजली की तिचे तुकडे हीटरमध्ये जाऊन बसतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून किमान ५० मिलिमीटर अंतर हवं, नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा. पंखा, पट्टा, ॲक्सिलरेटरच्या दांड्या यांपासून २५. आधार दर ३०० ते ४०० मिलिमीटरवर. मात्र टोकापासून पहिले १०० ते १५० मिलिमीटर मोकळे सोडावेत, म्हणजे जोडाला मान हलवायला जागा राहते.

दोडक्याचा वेल मांडवावर चढवताना सुतळी कशी बांधतात ते आठवावं. काठीला घट्ट, वेलाला सैल. वेल आवळला तर तो तिथंच चिरतो, सोडून दिला तर वाऱ्यानं काठीवर घासून सोलवटतो. रबराचं अस्तर असलेली, इंग्रजी P च्या आकाराची पी-क्लिप नेमकं हेच करते. तिचा आतला व्यास नळीच्या बाहेरच्या व्यासाइतका हवा. एक माप लहान घेतली तर नळी चिमटली जाते, एक माप मोठी घेतली तर नळी आत खुळखुळते आणि वर्षभरात क्लिपेची कडच करवत होते. क्लिप बसवताना पाय वर आणि फास खाली, म्हणजे नळीचं वजन फासात विसावतं, बोल्टवर उघडण्याचा जोर येत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीत यातलं काहीच नसतं. ती एका अरुंद रेषेत आवळते, बॉनेटखालच्या उष्णतेनं दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते आणि एके दिवशी तुटते. मग नळी कुठं जाऊन पडेल हे तिच्या नशिबावर.

मराठीत वळण हा शब्द दोन अर्थांनी येतो. मुलाला वळण लावतात आणि रस्त्याला वळण असतं. नळीच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र येतात. नव्या नळीला पहिल्या काही गरम-गार फेऱ्यांत जसं धरून ठेवाल तसा आकार ती घेते. पुढं तीच तिची सवय होते. म्हणून ब्रॅकेट नसताना ‘आत्ता बसवू, आधार नंतर देऊ’ असं करू नये. महिनाभरानं आधार दिला तरी नळी आपल्या जुन्या लोंबण्याकडंच ओढ घेत राहते.

नळी कशानं जाते याबद्दल एक समजूत फार पक्की आहे, की रबर बाहेरून सुकतं, तडकतं, मग फुटतं. बाहेरून तडे पडतात हे खरं. पण इथिलीन-प्रॉपिलीनच्या रबरी नळ्या आल्यापासून खरा घाव बहुतेक वेळा आतून असतो. धातूचं तोंड, कूलंट आणि कार्बन मिसळलेलं काळं रबर मिळून एक बारीकशी बॅटरी तयार होते. त्या विजेनं नळीच्या आतल्या अंगाला लांबीच्या दिशेनं सूक्ष्म चिरा पडतात, कूलंट त्यातून आतल्या दोऱ्यापर्यंत झिरपतं, दोरा कुजतो. हे नेमकं टोकापासून दोन इंचांच्या आत घडतं. बाहेरून नळी नव्यासारखी. म्हणून तपासायचं ते इंजिन पूर्ण गार असताना, अंगठा आणि तर्जनी यांच्यात, आधी नळीचा मधला भाग दाबून, मग टोकाजवळचा. टोकाजवळ जर मऊ, पोकळ, आत खाचा असल्यासारखं लागलं तर ती नळी काढावी, मग ती कितीही चकचकीत असो. तेलाचा डागही बघावा. या रबराला तेलाचं वावडं आहे. वरून पॉवर स्टिअरिंगचं तेल ठिबकत असेल तर नळी फुगून बोटांना लोण्यासारखी लागते.

लोखंडी नळीचंही आयुष्य कायमचं नाही, हे मान्य करायला हवं. जॅग्वारच्या या एक्सके इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, हीटर तांब्या-पितळेचा, नळी लोखंडाची आणि सगळ्यांच्या अंगाला एकच पाणी. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं संपली की यातला प्रत्येक धातू दुसऱ्याला खायला बघतो. लोखंडी नळी आतून झिजते, आणि सर्वांत आधी तिथं, जिथं रबराच्या टोकाखाली ओल साचून राहते. क्लिप सैल केली, रबर ओढलं, की नळीचं तोंड रबरातच राहून गेलं, असं घडतं. मग त्या क्षणी दुकानात मिळणारी वस्तू म्हणजे दीड मीटर रबरी होज. ज्यानं ती टाकली त्याला दोष द्यावासा वाटत नाही. गाडी त्या संध्याकाळी घरी न्यायची होती. वाईट याचं वाटतं की पुढं कधीतरी लाखो रुपये खर्चून गाडी नवी केली, इंजिन उतरवलं, झाकणं आरशासारखी केली आणि ती तात्पुरती नळी तेवढी कायमची झाली. क्लिपा कुठल्याशा डब्यात गेल्या, डबा कुठल्याशा भंगारात. नळी नाही म्हणून क्लिपांना काम नाही, क्लिपा नाहीत म्हणून नळी परत आणायचं कुणाला सुचत नाही.

अमेरिकन भारी गाड्यांत गोष्ट वेगळी, पण दुखणं तेच. तिथं बऱ्याच व्ही-८ इंजिनांत दोन नळ्यांचा व्यासच वेगळा असतो. इनटेक मॅनिफोल्डकडून हीटरकडं जाणारी पाच अष्टमांश इंच, हीटरकडून पंपाकडं परत येणारी पाऊण इंच. जाणारी अरुंद म्हणून हीटरवर दाब बेतानं येतो, येणारी रुंद म्हणून पाणी मागं तुंबत नाही. बहुतेक जनरल मोटर्स गाड्यांत गरम पाणी हीटरच्या खालच्या तोंडात घालतात आणि वरच्यातून काढतात, म्हणजे आतली हवा पाण्याबरोबर वर निघून जाते. नळ्या उलट जोडल्या तरी हीटर चालतो, पण वरच्या कप्प्यात हवा अडकते आणि डॅशबोर्डमागं ओढ्यासारखी खळखळ ऐकू येते. १९४० च्या दशकाच्या शेवटच्या कॅडिलॅकमध्ये हीटर पुढच्या सीटखाली असे, म्हणजे नळ्या फायरवॉलपाशी न थांबता गाडीच्या तळाखालून पुढं जायच्या. लिमोझिनमध्ये मागच्या प्रवाशांसाठी आणखी एक हीटर, तेव्हा नळ्यांचा प्रवास आणखी लांब. रस्त्यावरचे दगड, पाणी, सायलेन्सरची धग हे सगळं तिथं नळीच्या वाट्याला येतं. तिथलं एक ब्रॅकेट गळालं तरी वरून काही कळत नाही. आणि १९६० च्या दशकातल्या फोर्ड थंडरबर्डच्या ३९० घनइंची इंजिनात तर हीटरचं पाणी वाटेत कार्बोरेटरखालच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून जातं. थंड, दमट हवेत कार्बोरेटरच्या घशात बर्फ धरू नये म्हणून ती सोय. तो ठोकळा आतून गंजून भोक पडलं तर कूलंट थेट इंजिनाच्या श्वासात शिरतं. हेड पॅकिंग गेलं म्हणून हेड उतरवण्याआधी तो एकदा काढून बघावा.

सोय वाढत गेली तसा नळ्यांचा गुंताही वाढला. कॅडिलॅकनं १९६४ साली आपोआप तापमान राखणारी यंत्रणा आणली. चालकानं आकडा लावायचा, बाकी काम सेन्सर आणि व्हॅक्युम करणार. हीटरचं पाणी सोडणारा-अडवणारा कॉक आता माणसाच्या हातात राहिला नाही. मर्सिडीझनं १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या मोठ्या गाड्यांत जी स्वयंचलित यंत्रणा घातली, तिचा सर्व्हो, म्हणजे पाणी आणि हवा आपोआप वळवणारा डबा, तर प्लॅस्टिकच्या अंगाचा होता, आणि कूलंट त्याच्या पोटातून जाई. प्लॅस्टिकला चीर गेली की पाणी बाहेर आणि विजेचे जोड ओले. पुढं त्याच मापाचे ॲल्युमिनियमच्या अंगाचे सर्व्हो मिळू लागले. तो बदलताना एक गोष्ट विसरली जाते: त्या सर्व्होच्या तोंडांवर नळ्यांचं वजन पडू नये म्हणून जो आधार असतो, तो परत लावणं. प्लॅस्टिक का चिरलं याचं अर्धं उत्तर तिथंच असतं.

आता मुंबईचं. इथं हीटर लागतो कुणाला? महाबळेश्वरला डिसेंबरची पहाट सोडली तर फारसा कधीच नाही. म्हणून आपल्याकडच्या जुन्या विलायती गाड्यांत हीटर गळायला लागला की मेकॅनिक दोन्ही नळ्या काढतो, इंजिनावरची दोन तोंडं एका छोट्या नळीनं एकमेकांना जोडून टाकतो आणि हीटर कोरडा पडतो. त्या माणसानं गाडी चालती ठेवली, हे खरंच. पण त्या जोडणीत एक खोट आहे. हीटरमधून जाताना पाण्याला अडथळा असतो, कॉक बंद असला तर ते जातच नाही. सरळ जोडलेल्या नळीत कॉकही नाही आणि अडथळाही नाही. मग इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरला न भेटता थेट पंपाकडं परत येतं, सतत. मे महिन्यात सायन-पनवेलच्या रांगेत उभ्या गाडीचा काटा वर चढतो आणि सगळे पंख्याला, रेडिएटरला, इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणाऱ्या थर्मोस्टॅटला बोल लावतात. जोडणी करायचीच तर मध्ये कॉक ठेवावा, किंवा सहा-सात मिलिमीटरचं भोक असलेली पितळी चकती नळीत सारावी. दोन्ही तोंडं बंद करण्याआधी मात्र त्या इंजिनात हीटरखेरीज दुसरा बायपास आहे का ते पाहावं. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायला वाट लागते. ती हीटरमधूनच असेल तर तोंड बंद करणं महागात पडतं.

आणि कोरडा पडलेला हीटर पुन्हा ओला करताना घाई नको. दहा-वीस वर्षं हवा खाल्लेलं पितळ आतून हिरवं झालेलं असतं. आधी बाहेर काढून पाण्याखाली एक बारच्या आतल्या दाबानं तपासावं.

हरवलेलं ब्रॅकेट शोधणं हे जुन्या भिंतीवरची खुंटी शोधण्यासारखं आहे. खुंटी गेली तरी भोक राहतं, भोक बुजवलं तरी चुन्याचा रंग वेगळा दिसतो. बॉनेटखाली आट्यांचं रिकामं भोक दिसलं की ते कशासाठी, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये. फायरवॉलवर जुना रंग शिल्लक असेल तर ब्रॅकेटच्या बुडाची चौकोनी सावली दिसते, तिथला रंग उन्हानं आणि तेलानं काळवंडलेला नसतो. भोकातले आटेही बोलतात. ब्रिटिश गाड्यांत १९५० च्या दशकात बीएसएफ हे जुने ब्रिटिश इंची आटे मागं पडून यूएनएफ हे अमेरिकेशी जुळणारे इंची आटे आले. जर्मन गाडीत मेट्रिक. जर्मन गाडीच्या भोकात इंची आट्यांचा बोल्ट कोंबलेला दिसला तर तिथलं मूळ काहीतरी गेलेलं आहे हे नक्की. जुनी नळी फेकण्याआधी तिच्या अंगावर हात फिरवावा. जिथं क्लिप होती तिथं दबलेला पट्टा लागतो, जिथं घासत होती तिथं गुळगुळीत. टोकापासून त्या पट्ट्याचं अंतर मोजून लिहून ठेवावं. छापील पार्ट्स कॅटलॉगमधली चित्रं उपयोगी पडतात, पण ती सुटी करून काढलेली असतात, वळण नेमकं कुठून जातं ते त्यात कळत नाही. त्यासाठी कधीच न उघडलेली, धुळीनं माखलेली, रंग उडालेली गाडी बघावी. लखलखत्या गाडीपेक्षा तिच्याकडून जास्त शिकायला मिळतं.

ब्रॅकेट घरी करता येतं, आणि ते करण्यात समाधान आहे. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना, गाडीतच धरून, वाकवून, कातरून. मग दीड मिलिमीटरचा पोलादी पत्रा. भोकं वाकवण्याआधी पाडायची, कारण वाकवल्यावर ड्रिल सरकतं. वळणाची आतली त्रिज्या निदान पत्र्याच्या जाडीइतकी ठेवायची. काटकोन धारदार केला तर कंपनांनी पहिली चीर नेमकी तिथंच पडते. लांब हात असेल तर त्याच्या दोन्ही कडा तीन-चार मिलिमीटर दुमडाव्यात, नाहीतर इंजिनाच्या ठरावीक वेगाला तो हात वीणेच्या तारेसारखा थरथरतो. एक भोक गोल, दुसरं दोन मिलिमीटर लांबट, म्हणजे बसवताना सरकवायला वाव राहतो. कडा कानशीनं अशा घासाव्यात की अंगठा फिरवला तर अडकू नये. मुलामा हा मात्र वादाचा विषय. त्या काळच्या बारीकसारीक वस्तूंवर बऱ्याचदा कॅडमियमचा मुलामा असे, त्याचा मंद, किंचित पिवळसर करडा रंग जस्ताला हुबेहूब येत नाही. पण कॅडमियम विषारी आहे. जुना मुलामा कोरडा घासू नये, त्याची धूळ फुप्फुसात जाते. जस्ताचा मुलामा, वर फिका पिवळा थर, हेच करावं. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षकानं एखादा गुण कापला तर कापू दे. आणि स्प्रिंगच्या पोलादाच्या क्लिपा मुलाम्याला देताना बजावून सांगावं: आम्लात बुडवल्यानं त्यात हायड्रोजन शिरतो आणि त्या ठिसूळ होतात. मुलामा झाल्यावर लगेच, १९० ते २२० अंशांवर निदान चार तास भट्टीत ठेवायला हव्यात. हे टाळलं तर बसवलेली क्लिप रात्रीत, हात न लावता, तुटते.

नळीच्या तोंडावर आवळायच्या पट्ट्यांत सर्वांत ओळखीची जुबिली क्लिप. लम्ली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्यानं १९२१ साली तिचं पेटंट घेतलं आणि आपल्या गॅरेजांत तर कुठल्याही कंपनीची असली तरी ती ‘जुबली’च. ती आवळताना ताकद दाखवण्याचं काम नाही. तीन-चार न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे छोटा स्क्रूड्रायव्हर दोन बोटांनी आणि अंगठ्यानं फिरवून जेवढा जोर येतो तेवढाच. धातूच्या तोंडावर जो उंचवटा असतो त्याच्या मागं क्लिप बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही आणि अगदी टोकाशीही नाही. नळीचं टोक क्लिपेबाहेर चार-पाच मिलिमीटर राहू द्यावं. गाडी एकदा पूर्ण तापवून, रात्रभर गार करून सकाळी पुन्हा एकदा हलकेच आवळावी, कारण रबर दबून बसतं. सकाळी दोन थेंब आणि दुपारी कोरडं, अशी गळती असेल तर कारण हेच. सिलिकॉनची नळी घातली असेल तर आतून गुळगुळीत अस्तराची क्लिप हवी, नाहीतर खाचांतून ते मऊ अंग वर येऊन कापलं जातं. नळी काढताना पिळून ओढू नये. धारदार सुरीनं तोंडावरच लांबीच्या दिशेनं चिरून सालासारखी सोलावी. नळी पुन्हा विकत मिळते, तिच्या खालचं पितळी तोंड कुठल्याही दुकानात मिळत नाही. चढवताना पाणी किंवा थोडं कूलंट लावावं, ग्रीस कधीच नाही.

वास हा या सगळ्यातला सर्वांत जुना इशारा. गोडसर, कोमट, पाकाच्या भांड्याच्या कडेला जळलेल्या साखरेसारखा. काचेवर आतून तेलकट धुकं, फडक्यानं पुसलं तरी फराटे राहतात. ज्यांनी जुन्या गाड्यांत दिवस काढलेत त्यांना दार उघडताच तो कळतो. जमिनीवर सांडलेलं कूलंट लगेच पाण्यानं धुवावं. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते त्यांच्या जिवावर बेततं.

त्या मार्क २ ची नळी पूर्ववत करायची तर काम असं. इंजिन गार असताना पाणी आधी हेडच्या पातळीखाली उतरवायचं, कारण या मॅनिफोल्डच्या पॅकिंगनं हवेबरोबर पाणीही अडवलेलं असतं आणि ते दोन नट त्याच पॅकिंगला दाबून धरतात. नटांना आदल्या रात्री भेदक तेल. नटाबरोबर स्टड फिरायला लागला तर थांबायचं, ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे रागावर घेण्यासारखे नसतात. नवी नळी अशी निवडायची की तिचा बाहेरचा व्यास होजच्या आतल्या व्यासाइतका असेल. वाकवताना आत कोरडी वाळू ठासून भरावी, म्हणजे वळणावर ती चपटत नाही. दोन्ही टोकांना पितळी तारेचं एकेक कडं चांदीच्या डागानं बसवलं की होज अडवणारा उंचवटा तयार होतो. मग पाण्याखाली दाब देऊन तपासणं, मुलामा आणि मगच क्लिपा. आधी नळी सैल धरायची, दोन्ही टोकांचे होज चढवायचे, नळीला स्वतःहून जिथं बसायचंय तिथं बसू द्यायचं. नळी दाबून स्टडपाशी आणावी लागत असेल तर वळण चुकलंय, ती काढून पुन्हा वाकवायची. शेवटी नट, वॉशरसकट, शेजारच्या नटांइतक्याच जोरानं. पाणी भरताना गाडीचं नाक चढावर, हीटरचा कॉक पूर्ण उघडा, इंजिन सावकाश चालू, आणि परतीच्या होजची वरची क्लिप जराशी सैल, बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत. मग ती आवळायची, फडकं फिरवायचं, हातातली बॅटरी (टॉर्च) कार्बोरेटरखाली धरायची आणि मॅनिफोल्डच्या खालच्या रांगेकडं कडेनं बघायचं. सगळे स्टड नटाबाहेर सारखेच आलेले असतात.